परवाना इथला, विमान तिथलं

आपल्या घरांमध्ये एक पक्का समज आहे. मुलाला किंवा मुलीला पायलटचं लायसन मिळालं की जग मोकळं! आकाश तेच, बोईंग विमान तेच, टॉवरशी बोलायची इंग्रजीही तीच. मग भारतात हजारो तास उड्डाण केलेल्या माणसाला युरोपात पुन्हा पहिल्यापासून परीक्षेला का बसवतात? हा प्रश्न मला आमच्या व्याह्यांनी विचारला, ताईने विचारला, आणि इच्छापोरच्या आमच्या सोसायटीतल्या निदान चार जणांनी विचारला. मी कॉमर्सचा माणूस. सदतीस वर्षं बँकेत काढली, विमानात बसलो तो फक्त प्रवासी म्हणून. पण भाचेजावयाच्या निमित्ताने हा विषय घरात शिरला आणि जुनं-नवं बरंच वाचून काढलं. त्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर होते. १३ ऑक्टोबर १९१९ ला पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात असं ठरलं की एका देशाने नियमाप्रमाणे दिलेला वैमानिकाचा परवाना दुसऱ्या देशाने मानायचा. मात्र त्यातच एक पाचर मारून ठेवली होती. आपलाच नागरिक परदेशातून परवाना घेऊन आला, तर आपल्या हद्दीवर उडताना तो मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे पहिल्याच दिवसापासून विश्वास होता आणि संशयही होता. आम्हा बँकवाल्यांना ही भाषा ओळखीची वाटते.

आपल्याकडे फ्लाइंग क्लब निघाले ते १९२८ च्या सुमारास. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडी टाटांना एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मातर्फे परवाना मिळाला, क्रमांक १. त्या काळी हौशी वैमानिकाला 'ए' लायसन आणि पैसे घेऊन उडवणाऱ्याला 'बी' लायसन म्हणत. त्यानंतर लवकरच आगाखानांनी इंग्लंड ते भारत एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं काम प्लगवाचून अडलं होतं, जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले आणि बक्षीस अस्पीने नेलं. हाच पोरगेला अस्पी पुढे भारताचा हवाई दलप्रमुख झाला. गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. हे लोक कराची ते क्रॉयडन उडत होते आणि परवान्याची अडचण कुणाला आली नाही, कारण अर्ध्या वाटेपर्यंत एकच साम्राज्य होतं. गुलामीत एवढी एक सोय होती, असं म्हणायला हरकत नाही!

युद्धात तर उलटंच झालं. १९४० साली ब्रिटनला वैमानिकांची इतकी टंचाई पडली की इथल्या फ्लाइंग क्लबांत शिकलेल्या २४ भारतीय वैमानिकांची तुकडी विलायतेला नेली. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी हरिकेन चालवत लढले आणि पगडी घालूनच विमानात बसत. तेव्हा त्यांना कुणी तेरा पेपर द्या म्हटलं नाही. गरज असली की कागद पटापट हलतात, हे मी कर्जमंजुरीच्या टेबलावरही पाहिलंय.

आता येतो खरा मुद्दा. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोमध्ये नवा करार झाला, आजची सगळी नागरी विमानवाहतूक त्याच्यावर उभी आहे. त्यातली ३२ आणि ३३ ही दोन कलमं आपल्या प्रश्नाचं उत्तर आहेत. ३२ वं कलम सांगतं, की विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने वैमानिकाचा परवाना दिलेला असला पाहिजे, किंवा दुसऱ्याचा परवाना ग्राह्य धरलेला असला पाहिजे. म्हणजे परवाना वैमानिकाच्या देशाशी बांधलेला नाही, तो विमानाच्या शेपटीवरच्या अक्षरांशी बांधलेला आहे. भारतीय विमानावर 'व्हीटी' असतं. पुष्कळ लोक त्याचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असा सांगतात, पण ती अक्षरं ब्रिटिश साम्राज्याला मिळालेल्या 'व्ही'च्या गटातली आहेत, ऑस्ट्रेलियाचं 'व्हीएच' त्यातलंच. जर्मन विमानावर 'डी', आयर्लंडच्या विमानावर 'ईआय', ऑस्ट्रियाच्या 'ओई'.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. कॅप्टन होते के. आर. गझदर. त्यांना ब्रिटनचं लायसन लागलं नाही, कारण विमान 'व्हीटी' होतं. आजही एअर इंडियाचा पायलट फ्रँकफुर्टला रोज उतरतो, त्याला कुणी विचारत नाही. पण तोच पायलट, त्याच धावपट्टीवर, 'डी' लिहिलेल्या विमानात बसायला गेला की तो त्या देशापुरता परवाना नसलेला माणूस असतो. आमच्या व्याह्यांना हे पटायला दोन संध्याकाळी गेल्या.

सुरतकरांना मी हे हिऱ्याच्या भाषेत सांगतो. इथल्या व्यापाऱ्याने अँटवर्पहून कच्चा माल मागवला की इथली बँक लेटर ऑफ क्रेडिट उघडते. तिथल्या बँकेचा विश्वास असेल तर ती त्यावर आपली पुष्टी देते, काम भागतं. विश्वास नसेल किंवा नियमच तसा असेल, तर ती म्हणते, आमच्याकडे नवीन कागद करा, नवीन तारण द्या. परवान्याचंही तसंच आहे. आखातात, व्हिएतनाममध्ये किंवा चीनमध्ये भारतीय कॅप्टनला बहुधा आधी पुष्टी मिळते, मूळ लायसन भारताचंच राहतं. युरोपातही तात्पुरती मान्यता आहे, पण तिची मुदत जास्तीत जास्त एका वर्षाची आणि अटी पुष्कळ. कायमची नोकरी हवी तर नवीन कागद. त्यालाच रूपांतर म्हणतात, कन्व्हर्जन.

युरोपची ही व्यवस्था फार जुनी नाही. पूर्वी प्रत्येक देशाचं आपापलं लायसन होतं. १९९० मध्ये सायप्रसला करार होऊन त्यांच्या विमान-खात्यांची एक संयुक्त संस्था झाली आणि १९९९ पासून वैमानिकांचे सामाईक नियम आले. मग जर्मनीतल्या कोलोनला 'इयासा' ही युरोपीय संस्था आली आणि एप्रिल २०१२ पासून तिचे परवान्याचे नियम लागू झाले. एका देशात काढलेलं लायसन सगळ्या सभासद देशांत चालू लागलं. आत असलेल्यांसाठी दार मोठं झालं आणि बाहेरच्यांसाठी कुलूप एकच, पण जाड.

ब्रिटन बाहेर पडल्यावर याची गंमत झाली. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश लायसन युरोपीय विमानांवर चालेनासं झालं. शहाण्या वैमानिकांनी मुदतीआधीच आपली लायसन्स आयर्लंड, ऑस्ट्रिया वगैरे देशांकडे हलवून घेतली. जे राहिले ते भारतीयांच्या रांगेत, त्याच तेरा पेपरांच्या रांगेत. ज्या देशाच्या कायद्यावरून आपला १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट झाला, त्याच देशाचे कॅप्टन आता 'तिसऱ्या देशाचे परवानाधारक' म्हणून अर्ज भरतात. मी व्याह्यांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

तर आता भाचेजावई. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. व्याही हजिऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि इच्छापोरमध्येच घर बांधून राहिले. मूळचे धुळ्याकडचे. आता त्याच धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर, मुंबईचा तो जुना फ्लाइंग क्लब शिकवणीची विमानं उडवतो आणि शिरपूरलाही विमानशाळा आहे. पण २००६ मध्ये खानदेशातल्या पोराला पायलट व्हायचं म्हणजे बहुतेक अमेरिकाच. व्याह्यांनी हे घर तारण ठेवलं.

इथे जरा बँकेचं बोलतो. आमच्या उमेदीच्या काळात असं कर्ज आणि असा खर्च शक्यच नव्हता. परदेशी निघालेल्या माणसाला हातात ८ डॉलर मिळायचे, तो काळ पाहिलेले आपल्या ग्रुपवर अजून आहेत. १९७३ च्या फेरा कायद्यात परकीय चलन म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि दिलेल्या डॉलरची नोंद पासपोर्टच्या मागच्या पानावर शिक्का मारून व्हायची. फेमा आला २००० साली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर मोकळेपणी पाठवायची मुभा दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. मध्यमवर्गातून पायलट तयार होऊ लागले त्याचं श्रेय विमान कंपन्यांना देतात. माझ्या मते निम्मं श्रेय या दोन आकड्यांचं आहे.

मात्र पायलटचं कर्ज मी नेहमी वेगळ्या नजरेने बघत आलो. डॉक्टरची किंवा इंजिनियरची पदवी शिळी होत नाही. पायलटचं लायसन दुधासारखं आहे. मेडिकलची मुदत वेगळी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची वेगळी, विशिष्ट विमानाच्या रेटिंगची वेगळी. नोकरी नसली तरी प्रत्येक तारीख पुढे ढकलायला पैसे लागतात. म्हणजे उत्पन्न बंद आणि खर्च चालू. तारण म्हणून घर ठेवणाऱ्या बापाला हे कुणी सांगत नाही.

जावई अमेरिकेहून परतला तेव्हा पहिलं रूपांतर इथेच झालं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की भारतही परदेशी लायसन जसंच्या तसं घेत नाही. एअर रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन आणि हवामानाचा एकत्रित पेपर, दोन्हींत ७० टक्के, शिवाय रेडिओ टेलिफोनीचं सर्टिफिकेट. ते दूरसंचार खात्याकडून घ्यावं लागायचं आणि त्याची तोंडी परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडायची. (२०२४ च्या नव्या विमान कायद्याने ते काम आता डीजीसीएकडे आलंय.) हे सगळं होईपर्यंत २००९ ची मंदी आली. दोन वर्षं पोरगा घरी. व्याही रोज संध्याकाळी ओएनजीसी पुलाच्या बाजूला फिरायला जायचे. नदीपलीकडे मगदल्ल्याच्या विमानतळावर एखादं विमान उतरताना दिसलं की तोंड फिरवायचे, असं विहीणबाईंनी नंतर सांगितलं.

२०११ मध्ये नोकरी लागली. माझ्या भाचीशी सोयरीक मीच जुळवली. कर्ज फिटलं. १५०० तासांच्या पुढे जाऊन एटीपीएल झालं, चार पट्टे लागले. १७ एप्रिल २०१९ ला अमृतसरहून मुंबईला शेवटचं उड्डाण करून जेट एअरवेज थांबली. त्या दिवसांत मुंबई-ठाण्यातली कितीतरी मराठी पायलटांची घरं हादरली. आमचा जावई वेगळ्या कंपनीत होता म्हणून वाचला, पण पुढच्याच वर्षी कोविड आला आणि बिनपगारी रजा. तेवढ्यात भाचीला जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली, ब्लू कार्डावर.

ब्लू कार्डधारकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनीत काम करायची मोकळीक असते. हीच या साऱ्या कथेची किल्ली आहे. युरोपीय कंपन्यांच्या जाहिरातींत तेरा पेपरांइतकीच ठळक एक ओळ असते, युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क हवा. लायसन मेहनतीने मिळतं, हा हक्क मेहनतीने मिळतोच असं नाही. या बाबतीत आपल्या शेजारच्या दमणचे आणि गोव्याचे लोक पुढे आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज हद्दीत जन्मलेले आणि त्यांची पुढची पिढी, ठरावीक कागद दाखवून पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवू शकते. सालाझारच्या राज्याचा हा दाखला आज नातवाला युरोपभर नोकरी देतो. अर्थात तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आपला कायदा दोन्ही ठेवू देत नाही. तो हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा. मला स्वतःला तो सौदा महाग वाटतो, पण मी पंचाहत्तरीला आलोय आणि मला नोकरी शोधायची नाहीये.

जावई २०२१ मध्ये लाइपझिगला गेला. वय अडतीस, पदरी पाच वर्षांची मुलगी. तेरा विषय: हवाई कायदा, विमानाची रचना, उपकरणं, वजन आणि समतोल, विमानाची कामगिरी, उड्डाण-आखणी, मानवी क्षमता, हवामान, सामान्य नेव्हिगेशन, रेडिओ नेव्हिगेशन, कार्यपद्धती, उड्डाणाची तत्त्वं, आणि संभाषण. प्रत्येकात ७५ टक्के. एका विषयाला चारच संधी, आणि पहिल्या प्रयत्नापासून दीड वर्षात सगळं पुरं. नाही झालं तर पाटी कोरी. अनुभवी एटीपीएलवाल्याला पूर्ण कोर्स करावा लागत नाही, मान्यताप्राप्त शाळा त्याची तयारी तपासून शिफारस करते. पण पेपर माफ नाही.

"मामा, विमान उडवायला येतं मला. प्रश्न सोडवायला येत नाहीत आता," एकदा रात्री व्हिडिओवर म्हणाला. मुलगी झोपली की नऊ ते एक अभ्यास. भाची कमावती, हा घर सांभाळणारा. सांगायला सोपं आहे, पण चार पट्ट्यांचा माणूस सुपरमार्केटच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहतो तेव्हा त्याचं त्यालाच माहीत. धुळ्याच्या आमच्या ताईला तर शेजारणी विचारायच्या, "जावई काय करतात हल्ली?" ताई सांगायची, "परीक्षा देतायत." पुढे काही बोलायचं नाही.

हवामानाचा पेपर पहिल्यांदा गेला. आपल्याकडे मान्सून पाठ, तिथे बर्फ, धुकं आणि उबदार-थंड आघाड्या. दुसऱ्यांदा निघाला. डॉक्टरी तपासणीही पुन्हा मुळापासून, युरोपच्या मान्यतेच्या केंद्रातच, भारताचं क्लास वन सर्टिफिकेट तिथे नुसतं माहितीपुरतं. डीजीसीएकडून लायसनच्या खरेपणाचं पत्र. मग सिम्युलेटरवर परीक्षकासमोर चाचणी. रेटिंगची मुदत मधल्या काळात संपलेली, म्हणून आधी त्याचं नूतनीकरण, खर्च लाखांत. तो मात्र या वेळी घरावर काढला नाही. व्याही तयार होते, जावयाने ठाम नकार दिला. भाचीच्या पगारातून आणि त्याच्या जुन्या पीएफमधून भागवलं. तो हिशेब माझ्याकडून तपासून घेतला, एवढाच माझा वाटा.

एक गोष्ट मात्र इच्छापोरमध्येच व्हायची होती. जर्मनीत विमानात काम करणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षिततेच्या कायद्याखाली विश्वासार्हता तपासतात, आणि आधी जिथे राहिलात तिथला पोलिसी दाखला मागतात. जावयाच्या पासपोर्टवर पत्ता इथला. त्यामुळे पडताळणी आली ती आमच्या इच्छापोर पोलीस ठाण्यात. व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, फाइल घेतली, मला बरोबर घेतलं. ठाण्यातल्या जमादाराने कागद बघून गुजरातीत विचारलं, "काका, छोकरो पायलट छे तो जर्मनीमां पोलीसनो दाखलो शाना माटे?" व्याह्यांनी त्याला शिकागो करार सांगायला सुरुवात केली. शेपटीवरची अक्षरं, 'व्हीटी' आणि 'डी', कलम ३२. दोन संध्याकाळी मी जे डोक्यात घातलं होतं ते त्यांनी दहा मिनिटांत तिथल्या बाकावर बसून सांगितलं. जमादाराने चहा मागवला.

२०२३ च्या सुरुवातीला जर्मनीचं लायसन हातात आलं. प्रवासी कंपन्यांनी जर्मन भाषेवरून किंवा वयावरून टाळलं. शेवटी एका मालवाहू कंपनीने घेतलं, कॅप्टन म्हणून नाही तर फर्स्ट ऑफिसर म्हणून, उजव्या खुर्चीत. तीन पट्टे. पगार बरा, काम रात्रीचं. रात्री बाराला पार्सलं भरून निघायचं आणि पहाटे परत. भारताचं लायसनही तो जिवंत ठेवतोय, त्यासाठी सुट्टी काढून इथे येऊन मेडिकल करतो.

मागच्या दिवाळीत आला होता. सुरतेच्या नव्या टर्मिनलवर व्याही घ्यायला गेले. घरी आल्यावर ताईने विचारलं, चौथा पट्टा कधी? म्हणाला, यादीत नंबर अकरावा आहे. व्याह्यांनी लगेच विचारलं, "वर्षाला किती जण चढतात?" "दोन, कधी तीन," तो म्हणाला. व्याह्यांनी बोटांवर मोजलं, आणि ताईकडे वळून म्हणाले, "तोवर फराळ घ्या."